पान आणि पंक्तिप्रपंच

वृत्तपत्राच्या कचेरीत ‘पान लावणे’ असा एक शब्दप्रयोग रूढ आहे. बातम्या येतात, तपासल्या जातात, त्यांना मथळे दिले जातात, छायाचित्रे निवडली जातात आणि मग उपसंपादक पान लावायला बसतो. कोणती बातमी कोठे, किती स्तंभांत, केवढ्या मथळ्याखाली. छायाचित्र कोणाचे आणि किती मोठे. चौकट कशाला द्यायची आणि जाहिरात कोठे बसवायची, हे त्या वेळी ठरते. आपल्या घरातही ‘पान’ आहे. ते आपण मांडतो, वाढतो. लग्नाच्या मांडवात पंगत बसली की मीठ कोठे, लिंबाची फोड कोठे, डावीकडे काय आणि उजवीकडे काय, याचे संकेत ठरलेले असतात. ते चुकले तर वडीलधारी माणसे वाढणाऱ्याला हळूच सुनावतात. मात्र त्याहूनही मोठी एक चूक पंगतीत घडू शकते. एकाच रांगेत बसलेल्या दोघांपैकी एकाच्या भातावर तुपाची धार आणि दुसऱ्याच्या भातावर नुसते वरणाचे पाणी. या चुकीला आपल्या भाषेने ‘पंक्तिप्रपंच’ असे नेमके नाव दिले आहे. हा शब्द मनाशी धरून आपल्या गावी, आपल्या तालुक्यात निघणाऱ्या स्थानिक वृत्तपत्राच्या पानाकडे पाहावे, असा या लेखाचा हेतू आहे.

कवितासंग्रहाची समीक्षा होते, कादंबरीची होते, नाटकाची तर पहिल्या प्रयोगानंतर लगेच होते. या साऱ्या कृतींच्या वाचकांहून अधिक माणसे ज्या कागदावर रोज किंवा आठवड्याला नजर फिरवितात, त्या वृत्तपत्राच्या पानाची रचना मात्र समीक्षेच्या कक्षेत सहसा येत नाही. वृत्तपत्रावर टीका होते ती त्यातील मजकुरावर. बातमी खोटी की खरी, अग्रलेख निर्भीड की लाचार, यावर. मांडणी हा छापखान्याचा किंवा संगणकावर बसलेल्या मुलाचा प्रश्न समजला जातो. वस्तुतः साहित्याच्या अभ्यासात आशय आणि रूप यांची फारकत करता येत नाही असे आपण वारंवार म्हणतो. मग येथेच ती फारकत का मान्य करावी? मजकूर वाचला जाण्यापूर्वीच पान बोलू लागते. ज्या आजीला अक्षरओळख नाही, तिच्या हाती अंक दिला तरी कोणती गोष्ट आज गावात मोठी मानली गेली आहे, हे तिला कळते. अक्षरांचा आकार, मुखवट्यांचा आकार आणि जागेचा मान एवढ्यावरून तिला ते समजते. पानाची मांडणी हे संपादकाचे असे विधान असते, की जे त्याने शब्दांत केलेले नसते आणि म्हणून ज्याचा जाबही त्याला कोणी विचारत नाही.

मोठ्या आकाराच्या वृत्तपत्राचे रूढ पान आठ स्तंभांचे असते. स्तंभाची उंची सुमारे ५० सेंटिमीटर धरली तर एका पानावर ८ × ५० म्हणजे ४०० स्तंभ-सेंटिमीटर जागा मिळते. या हिशेबातच साऱ्या मांडणीचे मर्म आहे. जागा मोजकी असते. एकाला दिलेला प्रत्येक सेंटिमीटर दुसऱ्या कोणाकडून घेतलेला असतो. कवीला ओळ वाढविता येते, कादंबरीकाराला प्रकरण वाढविता येते. पान लावणाऱ्याला पानाची लांबी वाढविता येत नाही. त्यामुळे त्याची प्रत्येक निवड ही कोणाला तरी वाढणे आणि कोणाला तरी उपाशी ठेवणे असते.

या निवडीची काही साधने आहेत. पानाचा वरचा अर्धा भाग मानाचा, कारण दुकानाच्या फळीवर अंक घडी घालून ठेवलेला असतो आणि घडीच्या वर जे असेल तेच आल्यागेल्याला दिसते. मथळ्याची रुंदी आणि उंची हे दुसरे साधन. छायाचित्र हे तिसरे आणि सर्वांत बलवान, कारण नजर आधी चेहऱ्याकडे जाते. चौकट, रंगीत पट्टी, भोवतीची मोकळी जागा ही आणखी काही. कोऱ्या जागेला पुष्कळजण वाया गेलेली जागा समजतात. पण ज्या मजकुराभोवती श्वास घ्यायला जागा आहे, तोच वाचला जातो. गर्दीत चिरडलेला मजकूर छापला गेला तरी वाचला जात नाही. छापणे आणि वाचावयास देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सूत्र आपण पुढे उपयोगात आणणार आहोत.

मराठी वृत्तपत्राचा आरंभच मांडणीच्या एका अर्थपूर्ण निर्णयाने झाला आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’चा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत काढला. आपल्याकडे तो दिवस प्रकटीकरणाच्या, म्हणजे तीन राजांच्या सणाचा. ‘दर्पण’च्या पानावर दोन स्तंभ असत, एकात मराठी मजकूर आणि शेजारच्या स्तंभात इंग्रजी. राज्यकर्त्यांची भाषा आणि रयतेची भाषा एका पंगतीला बसली होती. त्या काळच्या मुंबईत कोणत्या कचेरीत, कोणत्या न्यायालयात हे दृश्य दिसले असते? बाळशास्त्रींनी समतेवर निबंध लिहिला असता, तर तो कदाचित विसरला गेला असता; त्यांनी पानावर एक उभी रेघ ओढली आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन भाषा बसविल्या.

मराठी पानाची आणखी एक अडचण आहे आणि ती आपल्या समाजाच्या इतिहासाशीही जोडलेली आहे. गोव्यात मुद्रणयंत्र १५५६ साली आले, तरी फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले ते रोमन लिपीत. देवनागरीचे खिळे हाती नव्हते. रोमन वर्णमाला थोड्या खिळ्यांत भागते. आपल्या लिपीला काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि जोडाक्षरे यांसाठी शेकडो खिळे लागतात. पुढे एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या कारागिरांनी ते घडविले, तरी लिपीचा स्वभाव बदलला नाही. देवनागरी अक्षर तीन मजल्यांचे घर आहे. मधल्या मजल्यावर अक्षराचे अंग, शिरोरेषेच्या वर वेलांटी आणि मात्रा, पायथ्याला उकार आणि ऋकार. म्हणून त्याच मापाच्या रोमन अक्षरापेक्षा देवनागरीचे अंग लहान दिसते आणि दोन ओळींत अधिक अंतर द्यावे लागते. इंग्रजी मजकूर सात पॉइंटांत छापला तर म्हातारा वाचक चष्मा पुसून तो वाचू शकेल. त्याच मापात छापलेल्या मराठीत अनुस्वार शाईच्या ठिपक्यासारखा दिसतो आणि ‘भ’ व ‘म’ एकच होतात. मराठीत अक्षर बारीक करणे म्हणजे मजकूर अर्धा झाकणे, हे पान लावणाऱ्याने विसरता कामा नये.

मांडणीचा शास्त्रशुद्ध विचार ज्यांनी विसाव्या शतकात केला, त्यांत स्टॅन्ली मॉरिसन यांचे नाव अग्रभागी आहे. ते १९०८ साली कॅथोलिक झाले. पहिल्या महायुद्धात सद्सद्विवेकबुद्धीला स्मरून त्यांनी शस्त्र हाती घेण्यास नकार दिला आणि त्यासाठी तुरुंगवास सोसला. लंडनच्या ‘टाइम्स’ची छपाई जुनाट आणि वाचकाला त्रासदायक आहे अशी टीका त्यांनी केली, तेव्हा त्या पत्राने त्यांनाच सल्लागार केले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेले नवे अक्षर ३ ऑक्टोबर १९३२ च्या अंकात प्रथम वापरले गेले. आज संगणकावर इंग्रजी लिहिणाऱ्या प्रत्येकाला ते ‘टाइम्स न्यू रोमन’ या नावाने ठाऊक आहे. मॉरिसन यांची धारणा थोडक्यात अशी, की अक्षरे मांडणाऱ्याने वाचकाच्या आणि मजकुराच्या मध्ये उभे राहू नये. वाचकाला समजावे यासाठीच सारी मांडणी. मांडणाऱ्याची हौस नंतर. ही भूमिका सेवकाची आहे. पंगतीत वाढणाऱ्याने स्वतःचे ताट आधी भरून घ्यायचे नसते, हे आपल्याला कोणी पुस्तकातून शिकविलेले नाही.

येथे एक प्रामाणिक आक्षेप उभा राहतो. पहिल्या पानावर जाहिरात आली म्हणून आज आपण नाक मुरडतो. परंतु हाच लंडनचा ‘टाइम्स’ २ मे १९६६ पर्यंत पहिल्या पानावर केवळ जाहिराती छापत होता आणि बातम्या आतल्या पानांवर असत. आपल्याकडे ‘द हिंदू’च्या पहिल्या पानावरही १९५८ सालापर्यंत जाहिरातीच होत्या. मग जुन्यांनी केले ते शिष्टसंमत आणि आजच्यांनी केले ते पाप, असे कसे म्हणता येईल? याचे उत्तर पानाकडे नीट पाहिल्यावर मिळते. ‘टाइम्स’च्या त्या पहिल्या पानावर छोट्या जाहिरातींचे स्तंभ असत. कोणाचा जन्म, कोणाचा विवाह, कोणाचा मृत्यू, कोणाचा निरोप. सर्वांची अक्षरे जवळजवळ एकाच मापाची. ते पान रुक्ष होते, पण तेथे पंगत होती. आजच्या स्थानिक साप्ताहिकाच्या पहिल्या पानावर एकच पाहुणा बसलेला असतो आणि बाकीचे गाव मांडवाबाहेर उभे असते. जाहिरात ही पानाची शत्रू नव्हे. एकाने सारे पान व्यापणे हा खरा प्रश्न आहे.

आता हा अंक आपण हाती घेऊ. कोणत्या एका साप्ताहिकाचे नाव घेण्याची आवश्यकता नाही. किनाऱ्यालगतच्या कोणत्याही तालुक्यातील अंक घ्यावा, चित्र थोड्याफार फरकाने सारखेच आहे. पहिल्या पानावर एका पुढाऱ्याचा वाढदिवस. त्यांची छबी अर्ध्या पानाची, हात जोडलेले, मागे सूर्याची किरणे. त्याखाली टपाल तिकिटांच्या आकाराच्या शुभेच्छुकांच्या रांगा, प्रत्येक चेहऱ्याखाली नाव आणि पद. नावाचे अक्षर कितीही बारीक असो, पद मात्र ठळक. उरलेल्या चतकोर जागेत मुख्य बातमी, तीही त्याच पुढाऱ्याने केलेल्या उद्घाटनाची. दुसऱ्या पानावर संपादकीय आणि भविष्य. तिसऱ्या पानावर शाळांचे निकाल, क्रीडास्पर्धा, धर्मग्रामातील सणाची वार्ता. या पानावर जाहिरात उशिरा आली म्हणून एक बातमी मध्येच कापलेली आहे. शेवटचे वाक्य क्रियापदाविना लोंबकळते आहे. चौथ्या पानावर, अगदी तळाशी, ‘जाहीर नोटीस’ या सदराखाली सहा-सात पॉइंटांतील काळ्या मजकुराचे ठोकळे, एकाला एक चिकटलेले.

त्या ठोकळ्यांत काय असते? तमाम लोकांस कळविण्यात येते की, अमुक गावाच्या हद्दीतील तमुक सर्व्हे नंबरची, इतक्या क्षेत्राची जमीन आमचे अशील खरेदी करीत आहेत. कोणाचा हक्क, हितसंबंध, वहिवाट असल्यास सात किंवा चौदा दिवसांत लेखी कळवावे, अन्यथा कोणाचाही हक्क नाही असे समजून व्यवहार पूर्ण केला जाईल. आराखड्यावरच्या हरकती, रस्तारुंदीच्या सूचना यांनाही पुष्कळदा याच तळघरात जागा मिळते. गावाच्या दृष्टीने त्या अंकातील सर्वांत महत्त्वाचा मजकूर हाच असतो. तो छापला गेलेला असतो. तो वाचावयास मात्र दिलेला नसतो.

काही वर्षांपूर्वी आमच्याच गावातील एका विधवा भगिनीच्या बाबतीत असे घडले. वडिलोपार्जित वाडीत तिचा हिस्सा होता. भावकीने व्यवहार ठरविला. नोटीस रीतसर छापली गेली. ती ज्या अंकात होती तो अंक तिच्या घरी आलेला होता, कारण त्याच अंकात तिच्या नातीच्या शाळेचा निकाल होता. तिने निकालाची बातमी वाचली, नातीचे नाव शोधले आणि कागद स्वयंपाकघरातील फळीवर डब्यांखाली अंथरला. दोन महिन्यांनी फळी पुसताना तिची नजर त्या ठोकळ्यावर गेली. सर्व्हे नंबर तिला तोंडपाठ होता. कायद्याने तिचा हक्क त्या चौदा दिवसांबरोबर संपला नव्हता, हे खरे. पण तोवर व्यवहार पुढे गेला होता आणि जे काम एका पत्राने झाले असते, त्यासाठी तिला पुढे कित्येक वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. तिने कोणालाही दोष दिला नाही. “पेपर घरातच होता,” एवढेच ती म्हणत असे, जणू चूक तिचीच होती.

मला त्या वाक्याने पुष्कळ दिवस अस्वस्थ केले. दोष तिचा नव्हता आणि बातमीदाराचाही नव्हता. खोटे असे त्या अंकात काहीही छापलेले नव्हते. तेथे घडलेला अन्याय केवळ मांडणीतून घडला होता. पहिल्या पानावरील शुभेच्छुकांच्या रांगेतील एक रांग कमी केली असती, तर त्या पानावरच्या साऱ्या नोटिसा नऊ पॉइंटांत, गावाच्या नावाचा ठळक मथळा देऊन छापता आल्या असत्या.

साप्ताहिकाच्या मालकाची बाजूही ऐकली पाहिजे. अंकाच्या किमतीत कागदाचा खर्चही निघत नाही. छपाई, वाहतूक, बातमीदाराचे मानधन हे सारे जाहिरातीवर चालते. वाढदिवसाची एक जाहिरात नाकारली, तर पुढचे दोन अंक निघणार नाहीत. नोटिशीचा दर जागेवर ठरतो, म्हणून नोटीस देणाराच ती लहान मागतो. कोणी वाचू नये हीच कित्येकदा त्याची इच्छा असते. ही अडचण खरी आहे. म्हणूनच येथे कोणी जाहिरात बंद करा असे म्हणत नाही. मोठी जाहिरात आतल्या पानावर पूर्ण आकारात छापता येते. नोटिसा तळाशी न ढकलता दर अंकी एकाच ठरलेल्या जागी, गावांच्या नावांच्या अकारविल्हे क्रमाने देता येतात. प्रत्येक गावाचे नाव मोठ्या अक्षरात दिले, तर आतील मजकूर लहान असला तरी ज्याला पाहायचे त्याची नजर तेथे थांबेल. याला पैसा लागत नाही; पान लावणाऱ्याचे दहा मिनिटांचे लक्ष लागते.

जाहिरात आणि बातमी यांच्यामधली रेघ हा मांडणीचा आणखी एक नाजूक भाग. ही रेघ पुसली गेली की काय होते, ते महाराष्ट्राने २००९ च्या निवडणुकांत पाहिले. पैसे घेऊन छापलेला प्रचार बातमीच्याच अक्षरात, बातमीच्याच स्तंभरुंदीत, बातमीसारख्याच मथळ्याखाली आला. ‘पेड न्यूज’ या नावाने त्याची देशभर चर्चा झाली आणि भारतीय वृत्तपत्र परिषदेने २०१० मध्ये त्यावर अहवाल प्रसिद्ध केला. त्या प्रकरणात पैशाचा विचार पुष्कळ झाला. मांडणीच्या दृष्टीने सांगायचे, तर जाहिरातीने बातमीचा झगा घातला होता. वेगळे अक्षर, भोवती रेघ आणि डोक्यावर ‘जाहिरात’ हा एक शब्द एवढेच ते काय वेगळेपण. पण वाचकाचा विश्वास तेवढ्या रेघेवर उभा असतो.

रोमहून १८६१ सालापासून निघणारे ‘लोस्सेर्वातोरे रोमानो’ हे वृत्तपत्र आपल्या नावाच्या पट्टीवर दोन लॅटिन बोधवाक्ये वागवीत आले आहे. त्यांतील दुसऱ्याचा आधार संत मत्तयच्या शुभवर्तमानात आहे. नरकाची द्वारे ख्रिस्तसभेवर प्रबळ होणार नाहीत हे ते आश्वासन. पहिल्याचा अर्थ मराठीत दोन शब्दांत सांगता येतो: ज्याचे त्याला. रोमन विधिशास्त्राने न्यायाची जी व्याख्या केली आणि संत थॉमस अक्वायनस यांनी जी स्वीकारली, तिचे हे सार. वृत्तपत्राच्या डोक्यावर हे वाक्य छापणाऱ्यांच्या मनात काय होते ते असो. पान लावण्याच्या कलेचे याहून नेमके सूत्र मला तरी दुसरे आढळलेले नाही. ज्या गोष्टीचा ज्यांच्या आयुष्याशी जेवढा संबंध, तेवढी तिला जागा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसिद्ध केलेल्या प्रसारमाध्यमांविषयीच्या आदेशात, व्यक्तीला आणि समाजाला आवश्यक ती माहिती मिळण्याचा हक्क मान्य केला आहे. हक्क म्हटला की तो कोणाच्या तरी हातून पार पडावा लागतो. स्थानिक वृत्तपत्रात तो हात पान लावणाऱ्याचा असतो.

या साऱ्या पानांत एक पान असे आहे, की ज्याच्यापुढे मी नेहमी थांबतो. ते निधनवार्तांचे. एक स्तंभ, एक लहानसे छायाचित्र, नाव, वय, मागे पती किंवा पत्नी, मुले, सुना, नातवंडे. अंत्यविधी कोणत्या चर्चमध्ये आणि किती वाजता. शिक्षक, मच्छीमार, निवृत्त अधिकारी, भाजी विकणारी बाई यांच्यासाठी एकच अक्षर आणि जवळजवळ तेवढीच जागा. मथळा कोणाचाही मोठा नाही. गावातील बायका अंक हाती आला की आधी हेच पान उघडतात, आणि याला केवळ उत्सुकता म्हणता येणार नाही. ते एकमेव पान असे असते की ज्यात आपल्याला आपल्या मापाची जागा मिळेल याची खात्री असते. नोव्हेंबर महिन्यात आपण कबरस्थानात मेणबत्त्या लावतो, तेव्हा श्रीमंताच्या कबरीवरची आणि गरिबाच्या कबरीवरची ज्योत सारख्याच उंचीची असते. हे पान तसे आहे. अलीकडे मात्र पुण्यस्मरणाच्या पूर्ण पानी रंगीत जाहिराती येथेही शिरू लागल्या आहेत. प्रेमाचे प्रदर्शन करावे की नाही हा त्या कुटुंबाचा प्रश्न. पण त्यापायी इतरांच्या निधनवार्ता पुढच्या अंकावर ढकलल्या जाऊ नयेत, एवढी काळजी संपादकाने घेतली पाहिजे. अंत्यविधी झाल्यावर छापलेली अंत्यविधीची वेळ कोणाच्या उपयोगाची?

दुसऱ्याच्या पानावर बोट ठेवताना आपले पान झाकून ठेवता येणार नाही. आपली धर्मग्राम-पत्रके, सणाचे विशेषांक, संस्थांच्या स्मरणिका यांची मांडणी आपण कधी तपासली आहे काय? पहिली पाने मान्यवरांच्या संदेशांना, प्रत्येक संदेशासोबत छायाचित्र. पुढे देणगीदारांची यादी. रक्कम मोठी तर अक्षर मोठे, रक्कम लहान तर नाव ‘इतर’ या सदरात. मंदिराच्या खजिन्यात दोन नाणी टाकणाऱ्या विधवेची गोष्ट आपण मिस्सात ऐकतो, तिच्यावर प्रवचने होतात, आणि त्याच आठवड्यात छापून आलेल्या यादीत तिला ‘इतर’ मध्ये टाकतो. समूहाच्या छायाचित्राखाली पहिल्या रांगेतील खुर्च्यांवर बसलेल्यांची नावे डावीकडून उजवीकडे छापली जातात. मागे उभे राहून ज्यांनी मांडव घातला, भांडी घासली, ते ‘कार्यकर्त्यांसमवेत’ या एका शब्दात संपतात. संत लूकने येशूची शिकवण सांगितली आहे, की मेजवानीला गेल्यावर मानाच्या जागी स्वतःहून जाऊन बसू नये. यजमानाने येऊन वर बसविले तर गोष्ट वेगळी. शेवटच्या जागेवरून पुढे बोलाविण्याचा तो अधिकार पानावर संपादकाला असतो. आपल्या पत्रकांत आपण तो किती वेळा वापरला?

आता कागदाचे पान हळूहळू फोनच्या पडद्यावर चालले आहे. स्थानिक अंकाची पाने चित्ररूपाने गटागटांतून फिरतात. पान तळहाताएवढे होते तेव्हा पुढाऱ्याची छबी तरीही ओळखू येते, मोठा मथळा तरीही वाचता येतो. नोटिसांचे ठोकळे मात्र राखाडी डागांसारखे दिसतात आणि बोटांनी मोठे केले तरी अक्षरे फुटतात. कागदावर जो पंक्तिप्रपंच होता, तो पडद्यावर अनेक पटींनी वाढतो. ज्यांना वाटते की नव्या साधनांमुळे मांडणीचा प्रश्न संपेल, त्यांनी एकदा आपल्याच फोनवर आपल्या तालुक्याच्या अंकाचे शेवटचे पान वाचून पाहावे.

समीक्षकाने दोष सांगून थांबावे, असा एक संकेत आहे. परंतु हा विषय आपल्या घरातील जमिनीशी, घरातील मृत्यूशी आणि घरातील मुलांच्या निकालाशी निगडित असल्यामुळे वाचकांनाही एक विनंती करावीशी वाटते. स्थानिक वृत्तपत्राचा संपादक हा दूरच्या शहरातील माणूस नसतो. तो बाजारात भेटतो, लग्नात शेजारी जेवायला बसतो. त्याला आपण बातमी छापल्याबद्दल धन्यवाद देतो, न छापल्याबद्दल तक्रार करतो; एकदा त्याला पानाबद्दलही विचारावे. नोटिसा कोठे छापता, केवढ्या अक्षरात छापता, जाहिरातीच्या डोक्यावर ‘जाहिरात’ हा शब्द लिहिता का, अपघातात मेलेल्या मजुराचे नाव देता की ‘एक इसम’ म्हणून सोडून देता? असे चार वाचकांनी विचारले, तर तो पुढचे पान लावताना चार वेळा थांबेल.

त्या विधवा भगिनीच्या फळीवरचा कागद पुढे तिच्या वकिलाच्या फाइलीत गेला. त्याच्या एका बाजूला तिच्या नातीचे नाव होते आणि पाठीमागच्या पानावर, तळाशी, तिची वाडी. एकाच कागदाच्या दोन बाजू, मधे एका पानाची जाडी. तेवढे अंतर ओलांडून तिची नजर तेथे पोचावी, एवढीच त्या पानाकडून तिची अपेक्षा होती. आणि पान लावणे म्हणजे तरी दुसरे काय असते?